चौथ्या बेटाचा शेवटचा कायदा

नझीर बुरोंडकर पाणी सांगायचा. हीच त्याची नोकरी होती. समुद्रात भराव टाकून नवी जमीन करायची, तर पाणी किती चढलं आणि किती उतरलं हे दर दहा मिनिटांनी कळावं लागतं. त्यासाठी खांबाला लाल-काळी पट्टी ठोकलेली असते. नझीर त्या पट्टीसमोर छोट्या होडीत बसायचा आणि वॉकीटॉकीवर आकडा सांगायचा. "एक पंचेचाळीस. एक पन्नास." बहरीनमध्ये बावीस वर्षं तो हेच सांगत आला होता. त्याआधी दाभोळ खाडीकाठच्या आपल्या गावात तो मासेवाल्यांना पाणी सांगायचा, तेही पट्टीशिवाय.

त्याचा हिशेब चंद्राच्या तारखेवर चालायचा. तारखेची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. हा कोकणातला जुना आडाखा. बहरीनला आल्यावर पहिल्या वर्षभरात त्याने त्यात इथली भर घातली आणि आडाखा इथल्या पाण्याला जुळवून घेतला. तारीख मात्र गावचीच ठेवली. गावात चंद्र बहुतेक वेळा इथल्यानंतर एक दिवसाने दिसतो. म्हणून नझीरची तारीख बहरीनच्या तारखेपेक्षा एकने मागे असायची. लोक हसायचे. तो म्हणायचा, "तारीख मागं असली तरी पाणी माझ्या बोटांवर येतो ना?"

२०१९मध्ये कंपनीने पाणी मोजणारं यंत्र आणलं. ते बसवायला मी आलो. माझं नाव ओजस. पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, आणि ही माझी पहिली नोकरी. यंत्र बसवलं त्या दिवशी नझीरचा वॉकीटॉकी माझ्या हातात आला आणि त्याच्या हातात झाडू गेला. तो हेल्पर झाला. मला वाटलं होतं तो चिडेल. तो फक्त एवढंच म्हणाला, "बॅटरी संपली तर सांगा, इंजिनिअर. मी हाय."

मुहर्रकच्या उत्तरेला आम्ही चार बेटं बांधत होतो. नकाशावर त्यांना नावं नव्हती, नंबर होते. चौथ्या बेटावर आम्ही एकोणीस माणसं राहायचो. सहा कंटेनर, एक स्वयंपाकाची शेड, एक जनरेटर आणि सगळीकडे वाळू. एकोणिसांतले अकरा कोकणातले, आणि त्यातले सात जण नझीरच्याच गावचे. मुकादम तौकीरही त्याच गावचा. तौकीरचे वडील गावच्या जमातीचे प्रमुख होते. लग्न, वाद, मयत, सगळं जमातीपुढे यायचं, आणि ते बोलतील ते शेवटचं.

एप्रिल २०२०मध्ये आमचा स्वयंपाकी तापाने फणफणला. बोट येऊन त्याला घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की त्याला करोना आहे, तुम्ही बेट सोडायचं नाही. आम्हाला ऑनलाइन एक फॉर्म भरायला सांगितला. फॉर्ममध्ये बिल्डिंग नंबर, रोड नंबर आणि ब्लॉक नंबर हवा होता. आमच्या बेटावर रोडच नव्हता. ब्लॉकच्या रकान्यात काही लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. मी तीन तास प्रयत्न केला. शेवटी फोनवरचा माणूस वैतागून म्हणाला, "मग तुम्ही राहता कुठे?"

तौकीर शेजारी उभा होता. फोन ठेवल्यावर तो मोठ्याने हसला. "ऐकलात काय? आपण बहरीनमध्ये नाय, इंडियातपण नाय. आपला वेगळा मुलूख हाय."

तिथून गंमत सुरू झाली. दिवसभर काम नाही, आणि उद्यापासून रमजान. त्याच दुपारी सगळे शेडखाली जमले आणि चौथ्या बेटाचं गणराज्य जाहीर झालं. तौकीर प्रेसिडेंट. क्रेनवाला अर्सलान गृहमंत्री. अर्सलान तिशीतला, जिभेचा तिखट, आणि त्याच्या मोबाइलचा कॅमेरा कायम चालू. मला लॅपटॉप होता म्हणून मी सचिव. कायदे एक्सेलमध्ये मी लिहायचे.

"झेंडा पायजे," कोणीतरी म्हणालं.

दोरीवर नझीरची निळ्या चौकड्यांची लुंगी वाळत होती. अर्सलानने ती ओढली आणि सर्व्हेच्या काठीला बांधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नझीरही हसला. संध्याकाळी तो लुंगी मागायला आला.

"दोनच हायत माझ्याकडं, तौकीर. एक भिजली की दुसरी लागते."

"चाचा, झेंडा उतरवायला सांगतोस?" तौकीरने चेहरा गंभीर केला. "सचिव, लिवा. झेंड्याचा अपमान. पयली चूक म्हणून माफ."

मी लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, म्हणजे ती फाइल. पहिल्या दिवसाची पाचवी ओळ: नझीर बुरोंडकर, झेंड्याचा अपमान, माफ.

नझीरला पाणीमंत्री केलं, तीही चेष्टाच होती. बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. कंपनीची बोट चार दिवसांनी बारा बाटल्या आणायची, दुकानात मिळतात तशा वीस लिटरच्या निळ्या. पण बोटवाले आता बेटाला लागायला तयार नव्हते. बेटापासून समुद्रात गेलेला, दीडशे मीटर लांबीचा दगडांचा एक अर्धवट बंधारा होता. त्याच्या टोकाशी बाटल्या ठेवून ते निघून जायचे. आमचा कायदा असा होता की दोन तास त्या बाटल्यांना कोणी हात लावायचा नाही, उन्हात राहू द्यायच्या. मग जाऊन आणायच्या. दर माणशी किती तांबे, ते मी एक्सेलमध्ये ठरवलं होतं. अंघोळ समुद्रात करायची.

बंधारा एरवी पाण्याबाहेर असायचा. फक्त उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीचं पाणी त्याच्यावरून जायचं. म्हणून त्या दिवसांत पाणी कधी चढेल हे नक्की माहीत हवं होतं. यंत्राची बॅटरी खरोखरच संपली होती, आणि नवी कोणी आणून देत नव्हतं. पण माझ्याकडे बंदराचं भरतीचं टेबल होतं, आणि बंधाऱ्याची उंची ड्रॉइंगवर होती. दोन्ही जुळवून वेळ काढणं सोपं होतं.

गणराज्याच्या सोळाव्या दिवशी बोट यायची होती. पौर्णिमा जवळ होती. आदल्या दिवशी मी शेडच्या फळ्यावर लिहिलं: उद्या बंधाऱ्यावर पाणी चार वाजता.

नझीरने फळ्याकडे पाहिलं, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नाय, इंजिनिअर. सव्वातीन."

"टेबलमध्ये चार आहे, नझीरभाई."

"टेबलात असंल. टोकाकडं पाणी सव्वातीनला चढंल. मी परवा बघितलाय, टोक पयल्यासारखं नाय."

मी त्याला विचारलं, "उद्या चंद्राची तारीख किती?"

"चौदा."

"बघा!" मी सगळ्यांकडे वळलो. मला फार आनंद झाला होता, कोडं सुटल्यावर होतो तसा. "बहरीनमध्ये उद्या पंधरा आहे. नझीरभाई एक दिवस मागे आहेत. भरती रोज अठ्ठेचाळीस मिनिटांनी पुढे जाते. म्हणून त्यांची वेळ पाऊण तास अलीकडची येते. बरोबर एक दिवसाची चूक."

आकडे इतके नेमके जुळत होते की शंका घ्यायचा प्रश्नच आला नाही. गेली बावीस वर्षं याच मागच्या तारखेवर त्याचं पाणी बरोबर येत होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते त्या क्षणी बाजूला ठेवलं.

"चाचा, तू अजून गावातच हायस काय?" अर्सलान म्हणाला. "व्हिसा बहरीनचा आणि चांद दाभोळचा?"

तौकीरने मतदान घेतलं. बेटावर तारीख बहरीनची चालेल आणि पाण्याची वेळ इंजिनिअर सांगेल तीच. सतरा हात वर झाले. कायदा अठरावा.

दुसऱ्या दिवशी बोट एक वाजता बाटल्या ठेवून गेली. तीनला दोन तास पूर्ण होणार होते. तीन वाजून गेल्यावर असरची नमाज, मग साडेतीनला जाऊन बाटल्या आणायच्या, असं ठरलं. चारपर्यंत अर्धा तास हातात होता. ऊन असं होतं की कंटेनरच्या पत्र्याला हात लावला तर भाजायचं. लोक रोजाने गळून पडले होते.

पावणेतीनला नझीर उठला आणि हातगाडी घेऊन बंधाऱ्याकडे निघाला. "आत्ता चला," तो दाराशी उभा राहून म्हणाला. "नायतर बाटल्या जातील."

"कायदा, चाचा, कायदा," आतून कोणीतरी झोपेत बोललं. कोणी उठलं नाही. मीही नाही.

साडेतीनला आम्ही किनाऱ्यावर गेलो. नझीर वाळूत बसला होता, धापा टाकत. छातीपर्यंत भिजलेला. हातगाडीपाशी बाटल्या होत्या. अर्सलानने मोजल्या. दहा.

"दोन कुठं?"

"पाण्यानं नेल्या," नझीर म्हणाला. "तीन खेपा नीट झाल्या. चौथीला टोकावर पाणी आलेला, लाटांनी बाटल्या खाली ढकलल्या, मागनं मी उतरलो. एक हाताला लागली. दोन तरंगत गेल्या."

तौकीरने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं. "अजून अर्धा तास आहे पाणी चढायला," मी म्हणालो.

किनाऱ्यावरून बंधारा सरळ रेषेत दिसतो. टोकाचे शेवटचे काही मीटर पाण्याखाली आहेत की वर, ते तिथे चालत गेल्याशिवाय कळत नाही. दीडशे मीटर. सतरा माणसांतलं एकही चाललं नाही. चार वाजता पाहिलं तेव्हा सगळा बंधाराच बुडालेला होता, आणि सगळे म्हणाले, इंजिनिअरची वेळ बरोबर.

खटला लगेच शेडखाली भरला. गंमतीचा सूर अजून होता, पण सगळ्यांचे घसे कोरडे होते आणि चाळीस लिटर पाणी कमी होतं.

"दोन तास व्हायच्या आत बाटल्यांना हात लावला," अर्सलान बोटांवर मोजत म्हणाला. "असरच्या नमाजीला हजर नव्हता. एकटा होता. आणि अंगावर हे पाणी. चाचा, खरं सांग, अंघोळ केलीस ना? गोड्या पाण्यानं?"

"अरे, समुद्रात उतरलेलो मी."

"आणि प्यायलास किती?"

नझीर उभा राहिला. "मी रोजा हाय."

"रोजा होतास," अर्सलान म्हणाला. सगळे हसले.

नझीरने आपल्या सदऱ्याचं टोक पिळलं आणि पुढे धरलं. "चाखून बघ. खारा हाय. चाखून बघ कोणीपण."

"रोज्यात चाखू?" अर्सलान मागे सरकला. "मलापण तुझ्यासारखा करतोस काय?"

परत हसू. खाली वाळूवर थेंब पडत होते. सतरा माणसांत रोजा न ठेवणारे आम्ही तीन होतो. मी सगळ्यात जवळ बसलो होतो. जिभेला एक थेंब लावायचा, एवढंच काम होतं. नझीरने सदरा माझ्याकडे वळवला. "इंजिनिअर, तुमी..."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. सर्वांसमोर कोणाचा ओला सदरा चाखणं मला विचित्र वाटलं. हेच खरं कारण. तेव्हा त्याहून मोठं काही माझ्या मनात नव्हतं.

शिक्षा काय, हे तौकीरने मनात ठरवलं. मग म्हणाला, "आपल्याकडं जी चालते तीच. मारायचा नाय, उपाशी ठेवायचा नाय. ईदपर्यंत त्याचा सलाम कोणी घ्यायचा नाय. त्याच्याशी कोणी बोलायचा नाय, त्याच्या ताटात कोणी जेवायचा नाय. ईदच्या नमाजीनंतर सगळ्यांनी गळे भेटायचे, की शिक्षा खलास."

गावात याला कोणी वाळीत टाकणं म्हणत नाहीत. त्याविरुद्ध कायदा आहे. फक्त सलाम घेत नाहीत.

हात वर झाले. मी मोजले, आणि मोजताना माझाही एक हात वर होता. सतरा. कायदा एकोणिसावा.

त्या संध्याकाळी रोजा सोडताना नझीर चटईजवळ आला आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." खजूर चावण्याचा आवाज तेवढा आला.  मग तो आपलं ताट घेऊन पलीकडे जनरेटरपाशी गेला. अर्सलानने याचा व्हिडिओ काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: पाणीमंत्री पाणीचोर, रोजा तोडून अंघोळ. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मग तौकीरच्या वडिलांनी एकच शब्द लिहिला, "अस्तगफिरुल्ला," म्हणजे अल्ला माफ करो. त्यानंतर कोणी हसलं नाही.

नझीर रोज पाच वेळा सलाम करायचा. प्रत्येक नमाजीआधी यायचा, शेवटच्या रांगेमागे दोन हात अंतर सोडून उभा राहायचा, सलाम करायचा आणि थांबायचा. चार-पाच दिवसांत लोकांना त्याची मजा वाटायची बंद झाली आणि राग यायला लागला. "मुद्दाम करतो," ते म्हणायचे. तो येताना दिसला की बोलणं थांबायचं. त्याने फळ्याकडे बघणं सोडलं. पाणी किती वाजता, हे मी एकटाच लिहायचो. पुढच्या वेळी बोट आली तेव्हा उधाण ओसरलं होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही.

पण मला एक गोष्ट टोचत होती. 'टोक पयल्यासारखं नाय.' सव्विसाव्या दिवशी, अमावास्या परत जवळ येत होती म्हणून, मी उंची मोजायचं लेव्हलचं यंत्र घेऊन बंधाऱ्यावर गेलो. शेवटचे तीस मीटर खचले होते. मऊ तळावर टाकलेला दगड हळूहळू खाली बसतोच. मी दोन महिन्यांत तिथली उंची मोजली नव्हती. ड्रॉइंगवरचा आकडाच रोजच्या रिपोर्टमध्ये लिहीत होतो. टोक अडतीस सेंटिमीटर खाली गेलं होतं. उधाणाचं पाणी एवढं चढायला पाऊण तास घेतं.

म्हणजे सव्वातीन.

मी तौकीरला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने नीट ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. घरी तीन मुली, आपुलकीने बोलणारा, आजारी माणसाला स्वतः पेज करून देणारा.

"मग काय करायचा म्हणता?" त्याने विचारलं.

"सगळ्यांना सांगू या."

"काय सांगू? सतरा माणसं चुकली? आणि तुमचा रिपोर्ट दोन महिने खोटा, तेपण सांगू? कंपनीत पोचंल ते." तो वाळूत काडीने रेघा ओढत होता. "सहा दिवस राह्यले, इंजिनिअर. ईदला गळे भेटतो. तेव्हा मी स्वतः पयला भेटेन त्याला. मधेच शिक्षा सोडली तर उद्या माझा कोण ऐकंल?"

सहा दिवस. मला ते थोडे वाटले. मी यंत्र पेटीत ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळी अचानक दोन बोटी आल्या. आधीच्या आठवड्यात नेलेल्या नमुन्यांचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह होते. उद्या ईद आहे, माणसं घरी जाऊ द्या, असं कोणीतरी वरून सांगितलं होतं. अर्ध्या तासात सामान भरा, यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला. लोक ओरडत, नाचत बोटीत चढले. झेंडा अर्सलानने उतरवला. बोटीचं इंजिन तेल गाळत होतं. बोटवाल्याने फडकं मागितलं, तेव्हा अर्सलानने ती लुंगी त्याच्याकडे फेकली.

नझीर धक्क्यावर तौकीरसमोर आला. "तौकीर, आज भेटूया काय गळे? उद्या कोण कुठं असंल."

कायदा ईदच्या नमाजीनंतरचा होता. तौकीर घाईत होता, हातात दोन बॅगा होत्या, आणि कायदा पाळायची एकतीस दिवसांची सवय लागली होती. त्याने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "सांगा त्याला, आता कसला गणराज्य. खलास. मजा होती सगळी."

ईदला प्रत्येक जण आपापल्या खोलीत होता. मशिदी बंद. गळाभेट कोणाशीच झाली नाही.

जुलैमध्ये कंपनीने हेल्पर कमी केले. नझीरला सीफमध्ये एका मॉलच्या पार्किंगमध्ये काम मिळालं. गाड्यांना जागा दाखवायची. निर्बंध सैल झाल्यावर शुक्रवारी बाब अल बहरीनच्या गल्लीत चहाच्या दुकानापाशी गावकरी परत जमू लागले. नझीर तिथे गेला, सलाम केला. कोणी घेतला नाही. तौकीर तिथेच होता. नझीर म्हणाला, "गणराज्य खलास बोललास ना तू?" तौकीर म्हणाला ते मला नंतर अर्सलानने हसत सांगितलं. "राज्य खलास झाला, म्हणून तर. आता मी कोण शिक्षा काढणार? काढायला प्रेसिडेंट लागतो."

हे सगळं बहरीनपुरतं असतं तर नझीरने सहन केलं असतं. पण गावात त्याची आई होती. शरीफुन्निसा. चौऱ्याऐंशी वर्षांची, त्या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. बायको महमुदा तिचं सगळं करायची. गावाने त्यांच्या घरात पाऊल टाकणं बंद केलं होतं. दुकानदार सामान पायरीवर ठेवायचा. आणि आई कधीही जाईल अशी होती. वाळीतल्या घरातल्या मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. महमुदा फोनवर एकच विचारायची: चार माणसं कुठून आणू?

नोव्हेंबरमध्ये एका शुक्रवारी नझीर माझ्या उम्म अल हस्समच्या फ्लॅटवर आला. हलव्याचा डबा घेऊन. दारात उभा राहून तो म्हणाला, "सलाम इंजिनिअर," आणि मी उत्तर देईपर्यंत आत पाऊल टाकलं नाही.

"जमात बोलते, ज्यांनी टाकला त्यांनी घेतला असा लेखी आणा. तौकीर देत नाय. तुमी सचिव होतात. तुमच्याकडं कायदे हायत सगळे. एक पत्र द्या. आईला खांदा पायजे. बाकी मला काय नको."

मी चहा केला. त्याने अर्धा कप प्यायला. मी लॅपटॉप उघडला, आणि पत्राच्या पहिल्या ओळीपाशी बराच वेळ बसून राहिलो. काय लिहायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. बंधारा अडतीस सेंटिमीटर खचला होता, नझीरची वेळ बरोबर होती, बाटल्या समुद्राने नेल्या. तीन वाक्यं. पण त्या बंधाऱ्यावरून कंपनी आणि ठेकेदार तेव्हा भांडत होते. रोजचे रिपोर्ट तपासले जात होते, आणि माझा व्हिसा जानेवारीत संपत होता. माझ्या सहीचं पत्र गावच्या ग्रुपवर जाणार, तिथून अर्सलानच्या मोबाइलवर, तिथून कुठेही.

मी लिहिलं: 'चौथ्या बेटाच्या गणराज्याने नझीर बुरोंडकर यांना दिलेली शिक्षा ईदपर्यंत होती. ती त्यांनी पूर्ण भोगली आहे. आता काही बाकी नाही.' खाली सही, सचिव.

एकही शब्द खोटा नव्हता. त्याचा मला अभिमानही वाटला.

नझीरने ते दोनदा वाचलं. 'शिक्षा' या शब्दावर त्याचं बोट थांबलं. मग त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवला. "चालंल," तो म्हणाला.

पत्र पुढच्या शुक्रवारी गावात, जुम्म्याच्या नमाजीनंतर, जमातीपुढे वाचलं गेलं. तौकीरचे वडील म्हणाले, शिक्षा भोगली म्हणजे गुन्हा होता. मग माफी मागू दे, आपण घेऊ. नझीरला फोन लावला आणि फोन सगळ्यांच्या मधे ठेवला. नझीर सीफच्या पार्किंगमधून बोलला. पाणी मी घेतला. रोजा मी तोडला. मला माफी द्या. जमातीने माफी दिली. त्याच संध्याकाळी बायका डबे घेऊन महमुदाकडे आल्या.

त्या डब्यांबरोबर बातमीही आत गेली. शरीफुन्निसा मे महिन्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला, आणि कोणी येईना झालं तेव्हा भिंतीला, सांगत आली होती की माझा नझीर पाण्याबद्दल खोटं बोलणार नाही. आता तिला कळलं की त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. महमुदाने तिच्या कानाला फोन लावला तर तिने मान फिरवली. एकोणीस दिवस नझीर रोज फोन करत होता. एकोणीस दिवस तिने त्याचा सलाम घेतला नाही. विसाव्या दिवशी ती गेली.

त्या दिवशी दुपारी मला फोन आला.

"इंजिनिअर, तुमचा पत्र चालला," नझीर म्हणाला. मागे गाड्यांचे आवाज येत होते. "व्हिडिओ पाठवला महमुदानं. सगळा गाव आला. खांदा द्यायला माणसं मावंनात. तौकीरच्या वडलांनी स्वतः पयला खांदा दिला."

मी म्हणालो, "चांगलं झालं, नझीरभाई."

"हो. ते काम झाला." तो म्हणाला. "एक विचारू काय? बंधारा किती खचलेला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी लेव्हल लावलीत ना, ईदच्या आधी? मी जनरेटरपाशी बसून बघत होतो. बोलायला बंदी होती, म्हणून हाक मारली नाय. म्हटला, इंजिनिअरनी मोजला, आता बोलतील. आज बोलतील, उद्या बोलतील. त्या दिवशी पत्र लिवायला बसलात, तेव्हापण म्हटला, आता लिवतील." त्याच्या आवाजात राग नव्हता. पट्टीवरचा आकडा सांगावा तसा तो सांगत होता. "किती खचलेला?"

"अडतीस," मी म्हणालो.

"अडतीस. माझा अंदाज चाळीसचा होता."

मग त्याच्या बाजूला हॉर्न वाजला. "गाडी आली," तो म्हणाला, पण फोन बंद करायचा राहिला. मला त्याच्या चपलांचा आवाज आला, आणि मग त्याने ड्रायव्हरला केलेला सलाम. काच खाली होण्याचा आवाज आला. आतला माणूस अरबीत म्हणाला, "व अलैकुम अस्सलाम. जागा कुठे आहे? यल्ला, यल्ला."